आत्याने भाकर मोडली: पाळकवर्गाला आणि पास्टरेट कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठी मंडळ्यांचे बिशपसाहेब, पाळकसाहेब, आणि मुख्य म्हणजे पास्टरेट कमिट्यांचे सेक्रेटरी, खजिनदार आणि सगळे मेंबर यांना,

जय ख्रिस्त.

मागच्या पावसाळ्यात माझ्या आत्याला मंडळीच्या लेटरहेडवर नोटीस आली. आत्या ऐंशीला टेकलीये, मिशन हॉस्पिटलात पस्तीस वर्षं नर्स होती, गावात अजून सगळे तिला सिस्टरच म्हणतात, मग तो आपल्यातला असो की मारुतीच्या देवळासमोरचा पानवाला असो. नोटिशीत लिहिलं होतं की आपण अमुक तारखेस अनधिकृतपणे प्रभूभोजनाचा विधी केल्याचे कमिटीच्या निदर्शनास आले आहे, सबब आपणास सहा महिने प्रभूच्या मेजापासून दूर ठेवण्यात येत असून लेखी माफीनामा दिल्याशिवाय पुन्हा सामील करून घेतले जाणार नाही. खाली सेक्रेटरींची सही, गोल शिक्का. "सबब" हा शब्द मी तोपर्यंत फक्त तलाठ्याच्या कागदावर वाचला होता. (प्रभूभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा आपला विधी, तो एरवी पाळक चालवतात.)

आता तिने काय केलं ते सांगते, कारण नंतर त्याच्या इतक्या व्हर्जन निघाल्या की मलाच आपण तिथे होतो का नाही असा डाऊट यायला लागला. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं), कुठलं ते सांगत नाही आणि मंडळीचं नावही लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. शेजारी एक माई होत्या, नव्वदीच्या, शेवटचे दोन दिवस घशाखाली पाणीसुद्धा नीट उतरत नव्हतं. पाळकसाहेबांकडे सहा गावं आणि एक जुनी मोटरसायकल, त्यात त्या दिवशी ओढ्यावरचा पूल पाण्याखाली, फोन एकदाच लागला, म्हणाले पाणी उतरलं की लगेच निघतो, मग रेंजच गेली. संध्याकाळपासून माईंनी दोनदा मागितलं. "मला प्रभूचं जेवण द्या." दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा आत्या उठली, मूठभर मनुके गरम पाण्यात घातले, थोड्या वेळाने हाताने कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळले, ब्रेडच्या स्लाइसची कड काढून नखाएवढा तुकडा त्यात बुडवला, आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा ११ वा अध्याय, प्रभूला धरून दिलं त्या रात्रीचा भाग, पाठ म्हणत तो तुकडा चमच्याच्या टोकाने माईंच्या जिभेवर ठेवला. लाईट गेले होते, मोबाईलचा टॉर्च मी धरला होता. माईंनी डोळे मिटूनच "आमेन" म्हटलं, म्हणजे आवाज नाही आला पण ओठ हलले. पहाटे गेल्या.

पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी दुपारी आले, गुडघ्यापर्यंत चिखल. दफन झालं. आत्याने त्यांना स्वतःहून सांगितलं की मी असं असं केलं. ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "बरं केलंत सिस्टर." बस. हे मी मुद्दाम लिहितेय कारण या पत्राला कोणी पाळकांच्या विरुद्ध ठरवू नये. नोटीस पाळकांनी काढलेली नाही, ती काढली कमिटीने, म्हणजे माझ्यासारख्याच नोकरी-शेती करणाऱ्या, डोक्यावर हात ठेवून दीक्षा न दिलेल्या, साध्या सभासदांनी. पाळकसाहेबांनी मीटिंगमध्ये एकदा समजावून बघितलं आणि गप्प बसले, त्यांचीही बदली आणि रिपोर्ट असतोच.

मला सगळ्यात जास्त कशाचं आश्चर्य वाटलं असेल तर ते रजिस्टरचं. आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या आणि मृत्यूच्या नोंदींचं जुनं रजिस्टर आहे, लाल कापडी पुठ्ठ्याचं, त्यात शेवटून दुसरा रकाना "कोणाच्या हस्ते" असा. संडे स्कूलच्या एका कार्यक्रमासाठी मी ते चाळत होते तर त्या रकान्यात आत्याचं नाव. एकदा नाही, मी मोजलं, चौदा वेळा. हॉस्पिटलच्या लेबर रूममध्ये रात्री-बेरात्री जन्मलेली, जगणार नाहीत अशी दिसणारी मुलं, आईबाप ख्रिस्ती, पाळक बोलवायला वेळ नाही, मग नर्सने वाटीत पाणी घेऊन पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा दिला. त्यातली दोन जगली, एक आज मुंबईला रेल्वेत आहे आणि त्याचा बाप्तिस्मा पुन्हा कोणी केला नाही, करायचाच नसतो. हे काही आत्याने मनाने शोधून काढलेलं नाही, जीव जाण्याची वेळ असेल तर साध्या सभासदाने दिलेला बाप्तिस्मा चालतो हे अँग्लिकन परंपरेत आहे आणि कॅथलिक लोक तर त्याहून पुढे जाऊन सांगतात की वेळ पडली तर बाप्तिस्मा न झालेला माणूससुद्धा तो देऊ शकतो, फक्त हेतू चर्चचा पाहिजे आणि शब्द बरोबर पाहिजेत. म्हणजे बघा, त्याच बाईने त्याच हाताने मरणाऱ्या बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं तर आपण रजिस्टरमध्ये नोंद करतो, आणि मरणाऱ्या म्हातारीच्या जिभेवर भाकर ठेवली तर नोटीस काढतो. मीटिंगमध्ये मी हे विचारलं तेव्हा एक मेंबर म्हणाले "ते वेगळं". कसं वेगळं, ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. म्हणून हे पत्र.

पेत्राच्या पहिल्या पत्रात दुसऱ्या अध्यायात ९ व्या वचनात आपल्याला काय म्हटलंय ते तुम्हाला पाठ आहे, निवडलेला वंश, राजकीय याजकगण. (हा "राजकीय" शब्द राजाचा या अर्थाने आहे, पण कमिटीच्या इलेक्शनच्या आधी आपल्याकडे जे पॅनल पडतात आणि ज्या जेवणावळी होतात ते बघून माझा भाऊ म्हणतो की आताच्या अर्थानेच भाषांतर बरोबर बसतंय.) ते पत्र बिशपांना लिहिलेलं नाहीये, पोंत, गलतिया, कप्पदुकिया असल्या प्रांतांत पांगलेल्या साध्या लोकांना लिहिलंय, त्यात गुलाम होते, बायका होत्या. आणि आपल्या मराठी बायबलचा एक फायदा असा की शब्दांची भेसळ होत नाही. इंग्रजीत वडील या अर्थाच्या जुन्या ग्रीक शब्दापासूनच पुरोहिताला शब्द तयार झाला आणि मग वडील कुठे संपतो आणि याजक कुठे सुरू होतो ते कळेनासं झालं. आपल्याकडे याजक वेगळा, वडील वेगळा, पाळक वेगळा. आता नवा करार सगळा उघडून बघा, मंदिरातल्या यहुदी याजकांना याजक म्हटलंय, इब्री लोकांस पत्रात ख्रिस्ताला महायाजक म्हटलंय, आणि सगळ्या विश्वासणाऱ्यांना मिळून याजक म्हटलंय. मंडळीतल्या एखाद्या कामदाराला मात्र, तो पौल असो की तीमथ्य, ती पदवी म्हणून कुठेही दिलेली नाही. त्यांना वडील म्हटलंय, अध्यक्ष म्हटलंय, सेवक म्हटलंय, आणि इफिसकरांस पत्रात पाळक म्हटलंय, तिथे त्यांचं काम काय सांगितलंय तर पवित्र जनांना सेवेसाठी तयार करणं. पवित्र जन म्हणजे कोण, तर आत्या. तिला तयार केलं तुम्हीच, साठ वर्षं संदेश ऐकवून, आणि तिने एका रात्री तयार झाल्यासारखं वागून दाखवलं तर त्याचं वाईट वाटायचं काय कारण?

मार्टिन ल्यूथरचं नाव आपल्याकडे दर ऑक्टोबरच्या शेवटी निघतं, दारावर ९५ कलमं लावली, १५१७, रिफॉर्मेशन संडे, संपलं. पण त्याने १५२० मध्ये जर्मन सरदारांना उद्देशून जे लिहिलं ते कोणी वाचून दाखवत नाही. त्यात तो एक उदाहरण देतो की समजा काही ख्रिस्ती लोकांना पकडून वाळवंटात नेऊन सोडलं, त्यांच्यात दीक्षित पुरोहित एकही नाही, आणि त्यांनी आपल्यातल्याच एकाला निवडलं की तू बाप्तिस्मा दे, तू प्रभूभोजन चालव, तू संदेश दे, तर तो माणूस सगळ्या बिशपांनी आणि पोपांनी मिळून हात ठेवल्याइतकाच खरा पुरोहित झाला. आणि तिथेच तो म्हणतो की अडीअडचणीला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो ते याचमुळे, आपण सगळेच याजक नसतो तर ते शक्यच झालं नसतं. म्हणजे माझ्या लाल रजिस्टरचा मुद्दा त्याने पाचशे वर्षांपूर्वी मांडून ठेवलाय, मला उगाच वाटत होतं की माझ्या डोक्यातून आला.

बरं, अर्धवट ल्यूथर सांगून मला जिंकायचं नाहीये. त्याचंच पुढचं म्हणणं असं की सगळे याजक असले तरी सगळ्यांनी उठून पुलपिटवर चढायचं नाही, जे सगळ्यांचं आहे ते एकाने सगळ्यांच्या संमतीशिवाय हातात घ्यायचं नाही. १५३० च्या आउग्सबुर्गच्या कबुलीत, म्हणजे ल्यूथरवाल्यांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात, १४ वं कलम हेच सांगतं, रीतसर बोलावणं असल्याशिवाय मंडळीत शिकवू नये आणि संस्कार चालवू नयेत. आणि उतारवयात ल्यूथरने घराच्या कर्त्याने घरातल्या घरात प्रभूभोजन द्यावं का यालाही नको असंच उत्तर दिलं होतं. कमिटीतले जे एक मेंबर थिऑलॉजी शिकलेत त्यांना हे माहीत असेल, त्यांनी जरूर वापरावं. पण त्याची भीती मंडळी फुटण्याची होती, वेगळी चूल मांडण्याची होती. आत्याने कुठली चूल मांडली? मनुके तेवढे गरम केले.

मीटिंगमध्ये कोरहाची गोष्ट वाचली गेली, बायबलातल्या गणना पुस्तकाचा १६ वा अध्याय. कोरह मोशेला म्हणाला की सगळी मंडळीच पवित्र आहे, मग तुम्हीच का वर चढून बसता, आणि जमीन दुभंगून तो आणि त्याचे लोक गडप झाले. वाचताना वाचणाऱ्याचा आवाज चढला होता आणि आत्या समोर बसली होती, हातात रुमाल, ऐंशी वर्षांची. मला तेव्हा काही सुचलं नाही, घरी येऊन त्याच पुस्तकाची पानं मागे उलटली आणि ११ वा अध्याय सापडला. मोशेने सत्तर वडील तंबूपाशी बोलावले, त्यातले दोघे, एलदाद आणि मेदाद, गेलेच नाहीत, छावणीतच राहिले, तरी त्यांच्यावर आत्मा आला आणि ते तिथेच संदेश द्यायला लागले. एक पोरगा पळत आला सांगायला (असा एक पोरगा प्रत्येक मंडळीत असतो, आमच्याकडे तो व्हॉट्सअ‍ॅपवर असतो) आणि यहोशवा म्हणाला, महाराज, त्यांना बंद करा. मोशे काय म्हणाला? माझ्यासाठी तुला हेवा वाटतो का, परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे झाले तर किती बरं होईल. कोरहाला मोशेची खुर्ची पाहिजे होती, एलदाद-मेदादला काहीच नको होतं. आत्या कुठल्या अध्यायातली ते तिच्याकडे बघून ठरवायचं होतं.

आता तुमची भीती मला कळत नाही असं नाही. आपल्याच तालुक्यात गाळा भाड्याने घेऊन, फ्लेक्सवर स्वतःच स्वतःला अपोस्टल, डॉक्टर, प्रोफेट लावून बसलेले आहेत, तेलाच्या बाटल्या विकतात, हिशेब विचारला की अभिषिक्ताच्या विरुद्ध बोलू नका म्हणतात. त्यांच्यावर कोणी हात ठेवले नाहीत, त्यांना कमिटी नाही, ऑडिट नाही, बदली नाही. सगळेच याजक, असं म्हणत सुरू झालेलं काम शेवटी एकाच माणसाच्या मुठीत गेलेलं मी डोळ्याने बघितलंय, माझी सख्खी मावसबहीण अशा ठिकाणी दागिने देऊन बसली. त्यामुळे दीक्षा, नेमणूक, जबाबदारी, हे सगळं पाहिजे. इ.स. ११० च्या आसपास अंत्युखियाचा बिशप इग्नाती लिहून गेला की बिशपच्या हाताखाली किंवा त्याने नेमलेल्याच्या हातून झालेलं प्रभूभोजनच खरं धरा, तेव्हा त्यालाही असलेच गाळेवाले दिसत असणार. पण त्याच वाक्यात "नेमलेल्याच्या" आहे ना? मग नेमा की. मी तेवढंच म्हणतेय.

आणि नेमायला फार मोठं काही लागत नाही हे दाखवणारी एक जुनी गोष्ट आहे, युसेबियसच्या मंडळीच्या इतिहासात सहाव्या पुस्तकात येते, अलेक्झांड्रियाच्या बिशप दियोनिसियसने पत्रात लिहिलेली. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर, देकियस बादशहाच्या छळाच्या वेळी, सेरापियोन नावाचा म्हातारा भीतीने मूर्तीला बळी देऊन बसला, मग पस्तावला, पण मंडळी त्याला घेईना. आजारी पडला, तीन दिवस वाचा गेली, शुद्ध नाही, चौथ्या दिवशी जरा भानावर आला आणि मुलीच्या मुलाला म्हणाला, जा, कोणातरी वडिलाला बोलावून आण. पोरगा रात्रीचा धावत गेला. तो वडीलच आजारी, उठवेना. मग त्याने काय केलं तर प्रभूभोजनातला छोटासा तुकडा पोराच्या हातात दिला आणि सांगितलं की पाण्यात भिजव आणि म्हाताऱ्याच्या तोंडात थेंब थेंब सोड. पोरगा घरी पोचला तोवर सेरापियोन पुन्हा जागा झाला होता, म्हणाला, वडील येऊ शकले नाहीत ना, मग तुला सांगितलंय ते लवकर कर आणि मला जाऊ दे. पोराने भिजवून तोंडात सोडलं, म्हाताऱ्याने गिळलं आणि प्राण सोडला. ही गोष्ट एका बिशपने दुसऱ्या बिशपला लिहिलीये, तक्रार म्हणून नव्हे, देवाची दया बघा म्हणून. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला, कारण आमची ती रात्र जशीच्या तशी, फक्त टॉर्च नाही.

तुम्ही म्हणाल त्या पोराच्या हातातला तुकडा आधीच आशीर्वाद दिलेला होता, आत्याचा स्लाइस बेकरीतला होता. मान्य. फरक आहे, आणि मी तो लपवत नाही. पण मग आमच्या गावात तसा तुकडा ठेवायची सोय तुम्ही कधी केली? जस्टिन मार्टिर इ.स. १५० च्या सुमारास लिहितो की रविवारची उपासना झाली की जे आले नाहीत त्यांच्याकडे सेवक भाग पोचवतात. कॅथलिक चर्चने, जिथे पुरोहिताचं स्थान आपल्यापेक्षा कितीतरी वर आहे, जिथे १९६४ च्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की विश्वासणाऱ्यांचं सामान्य याजकपण आणि दीक्षितांचं याजकपण यांत नुसता कमी-जास्तीचा नाही तर मुळातलाच फरक आहे, त्या चर्चने १९७३ पासून साध्या बाप्या-बायकांना आजाऱ्यांच्या घरी पवित्र भाकर न्यायची परवानगी देऊन ठेवलीये. तिकडे वसईला वगैरे कोणाला विचारा, पॅरिशमधली शाळामास्तरीण छोटी डबी घेऊन आजाऱ्याकडे जाते, कोणाला काही वाटत नाही. आणि ब्रिटनमधले मेथडिस्ट तर आशीर्वादासकट सगळं करतात, जिथे दीक्षित सेवक कमी आहेत आणि लोक मेजापासून वंचित राहतील तिथे सभासदालाच ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक ठिकाणासाठी प्रभूभोजन चालवायचा अधिकार देतात. सिडनीच्या अँग्लिकनांनी १९९९ मध्ये असाच ठराव सिनडमध्ये, म्हणजे त्यांच्या धर्मसभेत, पास केला आणि आर्चबिशपने सही केली नाही, म्हणजे भांडण सगळीकडे आहे, पण निदान ते ठरावावर भांडले, म्हातारीवर नाही.

लांब कशाला जायचं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले, ते काँग्रिगेशनल, म्हणजे बिशप नको, मंडळीच पाळकाला बोलावते असं मानणारे. खेड्यापाड्यात मंडळी कोणी उभी केली? मास्तरांनी. आठवडाभर शाळा, रविवारी उपासना, मयतीला प्रार्थना, आणि बायकांमध्ये बायबलबाया, पायात चपला नसलेल्या, ओटीवर बसून वचन शिकवणाऱ्या. दीक्षित पाळक टांग्यातून वर्षातनं कितीसे यायचे? माझे आजोबा असेच मास्तर होते. आणि हा मुलूखच असा आहे, इथे वारकरी कीर्तनाला उभा राहतो तेव्हा त्याची जात आणि दीक्षा कोणी तपासत नाही, इथे १८७३ मध्ये जोतिबांनी सत्यशोधक समाज काढला आणि भटाशिवाय लग्नं लावून दाखवली. आपले पणजोबा त्याच गावांतून, त्याच वेशीबाहेरून मंडळीत आले. देव आणि माणूस यांच्यामध्ये कोणी टोलनाका लावू नये एवढ्यासाठी तर आले, बाकी कारणं होती, पण हे मोठं होतं.

पंडिता रमाबाईंचा फोटो आपल्या हॉलमध्ये लावलाय. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला आणि दोन वर्षांत त्यांची तिथल्या मठातल्या सिस्टरशी, बिशपांशी पत्रापत्री सुरू झाली, कारण त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचं म्हटलं तर मुंबई-लाहोरच्या बिशपांनाच ते नको होतं. तेव्हा त्यांनी लिहिलं त्याचा आशय असा की मी आत्ताच मोठ्या कष्टाने हिंदुस्थानातल्या पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवलीये, आता पुरोहितांकडून येईल ते सगळं देवाची आज्ञा म्हणून मानून दुसऱ्या तसल्याच जोखडाखाली मान द्यायची माझी तयारी नाही. सत्ताविशीतली विधवा बाई, परक्या देशात राहून हे लिहिते! पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये १९०५ चं जागरण झालं ते मुलींच्या प्रार्थनेतून, आणि त्याच मुली टोळ्याटोळ्यांनी गावोगाव सुवार्ता सांगायला गेल्या, कोणाच्या डोक्यावर कोणी हात ठेवले होते? रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. त्यांची भजनं आपण रविवारी डोळे मिटून गातो आणि सोमवारी नोटीस टाईप करतो.

१९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, अँग्लिकन आले, बॅप्टिस्ट आले, मेथडिस्ट आले, ब्रेदरन आले, आणि आपल्यासारखे जुने काँग्रिगेशनलवालेही त्यात. बिशप आले, मंडळ्या एकत्र झाल्या, चांगलंच झालं. पण मला वाटतं आपण एक गोष्ट वाटेत हरवली, मास्तर हरवला. शाळा सरकारी झाल्या, मास्तर रिटायर झाले, बायबलबायांची पोस्टच बंद झाली, आणि सगळं काम पाळकावर येऊन पडलं. आता बघा आपण काय करतो, नवीन गाडी घेतली की पाळक, बोअरला पाणी लागलं की पाळक, बारशाला जेवण वाढून गार होतंय पण पाळकसाहेब आल्याशिवाय घास उचलायचा नाही, आले की त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची, त्यावर टॉवेल, आणि म्हातारी-कोतारी सगळी उभी. त्यांच्या बायकोने एखाद्या रविवारी साधी साडी नेसली तरी चर्चा. त्यांना आपणच अर्धा देव करून ठेवलंय आणि मग त्यांचा पगार तीन तीन महिने थकवतो, तेही आपणच. पाळकशाही पाळकांनी आणली असं म्हणायला सोपं आहे. आपल्याला प्रार्थना करायचा कंटाळा आला होता, म्हणून माणूस नेमला, ही माझी समजूत आहे, रागवा पाहिजे तर.

आणि २०२० चं काय? लॉकडाऊनमध्ये चर्चला कुलूप होतं. आपल्याच मंडळीत पुनरुत्थानाच्या रविवारी मोबाईलवर उपासना झाली, पाळकसाहेब स्क्रीनवर, आणि त्यांनी सांगितलं की आपापल्या घरी भाकर आणि द्राक्षरस तयार ठेवा. ज्या सेक्रेटरींची नोटिशीवर सही आहे त्यांनी त्यांच्या डायनिंग टेबलावर स्वतःच्या हाताने चपाती मोडून बायकोमुलांना दिली, फोटो ग्रुपवर टाकला, खाली सगळ्यांचे हात जोडलेले इमोजी. तेव्हा मधे नेटवर्क होतं, आत्याच्या वेळी नव्हतं. एवढाच फरक असेल तर ठरावात तसं लिहा, की रेंज असेल तर चालेल.

मला काय पाहिजे ते सरळ सांगते. दीक्षा बंद करा असं कोणी म्हणत नाही. पण ज्या पाळकाकडे सहा-सात गावं आहेत तिथे प्रत्येक गावात मंडळीने निवडलेली दोन माणसं, त्यात एक तरी बाई, बिशपसाहेबांनी लेखी नेमावीत, त्यांना चार दिवस शिकवावं, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा विचारावं, आणि आजाऱ्याकडे, मरणाऱ्याकडे भाकर न्यायचं काम त्यांच्याकडे द्यावं. रविवारच्या मेजावरून बाजूला काढून ठेवलेली द्या, किंवा त्या वेळी आशीर्वाद मागून मोडायची मुभा द्या, कसं ते तुम्ही थिऑलॉजीवाले बसून ठरवा, मी चहा करते, पण ठरवा. म्हातारी माणसं पावसाळा बघून मरत नाहीत. आणि ज्या गावात वर्षातून तीनदाच मेज मांडलं जातं, तिथे नियम कोणी मोडला हे विचारण्याआधी ते तीनदाच का हे विचारा, तो प्रश्न कमिटीच्या अजेंड्यावर मी गेल्या दहा वर्षांत एकदाही बघितलेला नाही, कंपाउंड वॉलचा मात्र दर मीटिंगला असतो.

आत्याला मी म्हटलं माफीनामा दे आणि मोकळी हो, दोन ओळींचा तर प्रश्न आहे. ती म्हणाली, "चूक काय केली ते लिहावं लागेल ना त्यात? मग ते देवाला खोटं होईल." सहा महिने होऊन गेले. ती दर रविवारी येते, मागून तिसऱ्या बाकावर डाव्या कडेला बसते, प्रभूभोजनाचा ट्रे तिच्यापर्यंत आला की दोन्ही हातांनी धरून शेजारणीला देते, काचेचे पेले वाजू न देता, जसं ती हॉस्पिटलात इंजेक्शनचा ट्रे धरायची. स्वतः घेत नाही. पाळकसाहेब तेव्हा खाली बघतात.

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा मेज आहे. नोटीस मागे घेतल्याचं पत्र त्याच्या आधी, त्याच लेटरहेडवर, तिच्या हातात पडेल असं बघा. आणि लाल रजिस्टर उघडाल तेव्हा माईंच्या मृत्यूच्या नोंदीसमोर शेरा लिहायला जागा मोकळी आहे, तिथे प्रभूभोजन घेतलं एवढं लिहा, आणि कोणाच्या हस्ते तेही.

आपली,
मागून तिसऱ्या बाकावर, उजव्या कडेला बसणारी एक सभासद